लेकीला दिलं ते

११ फेब्रुवारी

ठकू,

फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतेस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. शाळा सुटल्यापासून एवढं लांब पत्र कुणाला लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

महिन्यासाठी म्हणून आलीस आणि महिना पुरा व्हायच्या आत चालती झालीस. तेही माझ्याशी एक शब्द न बोलता, रिसेप्शनवरच्या मुलीकडे खोलीची किल्ली टाकून! सख्खी नसले तरी तुझी मोठी मावसबहीण आहे मी. आमच्या भूलतज्ज्ञांचा हात मोडला, हॉस्पिटल अडलं, तेव्हा मीच यांना म्हटलं, "बाहेरचं कुणी कशाला? आपली ठकू भूल देते की." आता हे उठता बसता ऐकवतात, "तुझी ठकू!"

ओरडले का तुझ्यावर? ओरडले असतील. ऑपरेशनच्या टेबलापाशी जीभ सुटते त्यांची, बाहेर आले की गरीब गाय. सर्जन म्हटल्यावर असायचंच. एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं.

पण सिस्टरने सांगितलं ते मात्र मला लागलं. जाताना तू म्हणालीस म्हणे, "या वॉर्डात उभं राहायची किळस येते." किळस? अगं, तीन वेळा फिनाईलने पुसून घेते मी फरशी. चादरी उकळत्या पाण्यातून काढते. बायकांच्या संडासात मी स्वतः डोकावते, नाक धरून का होईना. काय दिसलं तुला? झुरळ? कुठे रक्ताचा डाग राहिला होता? सांग तरी. आयाबाईला कालच असं झापलंय की ती अजून फुगून बसलीय.

राग सोड आणि फोन कर.

तुझी ताई

◆

१९ फेब्रुवारी

ताई,

झुरळ नव्हतं. आयाबाईवर विनाकारण तोंड टाकलंस. तुझी फरशी इतकी स्वच्छ आहे की तिच्यावर पान मांडून जेवावं.

फोन उचलत नाही, कारण फोनवर तू बोलतेस आणि मी हं हं करते. कागदावर तरी मधे तोंड घालता येणार नाही तुला.

हॉस्पिटल तू चालवतेस, पण थिएटरच्या दाराच्या अलीकडून. म्हणून मुळापासून सांगते. सिझरसाठी मी बाईच्या पाठीच्या मणक्यांमधे एक बारीक सुई घालते. त्यातून औषध गेलं की कमरेखालचं सगळं बधिर होतं. बाई जागी असते, बाळाचं पहिलं रडणं ऐकते, पण सुरी तिला कळत नाही. काही तासांत ते औषध उतरतं आणि कापलेलं पोट जागं होतं.

त्याच सिरिंजमध्ये, त्याच सुईतून, थेंबभर मॉर्फिन मिसळून दिलं, तर ते दुखणं दुसऱ्या दिवसापर्यंत पुष्कळसं दबून राहतं. वेगळं टोचणं नाही. बाई कुशीवर वळते, बाळाला पाजते, डोळा मिटते. अंग खाजतं, विशेषतः नाक. कुणाला मळमळतं. आणि एक धोका आहे, क्वचितचा पण खरा. श्वास मंदावू शकतो. म्हणून दिवसभर, रात्रभर कुणीतरी दर तासाला जाऊन तिचा श्वास मोजायचा. बस. मी काही नवा शोध लावलेला नाही. आमच्याकडे हे रोजचं काम आहे.

तुमच्या कुलपाच्या कपाटात ते औषध आहे. परवानाही आहे. पहिल्याच दिवशी मी मागितलं, तर भावोजी म्हणाले, "त्या भानगडीत पडायचं नाही. रात्री एक सिस्टर आणि एक आया. श्वास कोण मोजणार, तू?" मी म्हटलं, आणखी एक सिस्टर ठेवा. ते नुसते हसले.

कपडे शिवणारी ती बाई आठवते? गळ्यात टेप तशीच ठेवून भरती व्हायला आली होती, सगळ्या वॉर्डाला हसवत होती. तिचं बाळ तू स्वतः उचलून नातेवाइकांना दाखवलंस. दुपारी मी तिला बघायला गेले. उशीचा कोपरा तिच्या दातांत होता, चावून ओला चिंब झालेला. बाळ शेजारी रडत होतं आणि ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती, छताकडे डोळे लावून पडली होती. सिस्टर म्हणाली, दुखण्याचं एक इंजेक्शन दिलंय, पुढचं सरांना विचारल्याशिवाय नाही, आणि सर जेवायला बसलेत. आयाबाई म्हणाली, "आई व्हायची हौस होती ना? मग?" सगळे हसले. ताई, ती बाईसुद्धा हसायला गेली. तेवढ्यानेही तिचे टाके ओढले गेले.

मी तशीच वर तुमच्या घरात आले. जेवण आटोपून भावोजी चहात बिस्कीट बुडवत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठकू, तुला व्यवहार कळत नाही. दुखलं नाही तर बायकांना ऑपरेशन मोठं वाटत नाही. दुखलं की घरचे हात जोडतात." बोलता बोलता बिस्कीट मोडून चहात पडलं. ते त्यांनी बोटाने वर काढलं आणि चोखून खाल्लं. मला त्या बोटाची शिसारी आली. मिशीला लागलेल्या त्या लगद्याची, माझ्या हातातल्या तुझ्या चांगल्या कपाची, सगळ्याचीच. उठून बेसिनपाशी चूळ भरली ती त्यामुळे. तू विचारलंस, चहा गोड झाला का?

दुसऱ्या दिवशी औषध खात्याचा तपासनीस आला. कपाटातल्या मॉर्फिनची मुदत संपली होती. नियमाप्रमाणे त्याच्यासमोर काचेचं एकेक ॲम्प्यूल फोडून मोरीत ओतलं. एकही वापरलेलं नव्हतं. बाईला द्यायला हात आखडला, मोरीला मात्र पोटभर पाजलं. भिंतीपलीकडे ती कण्हत होती आणि भावोजी तपासनिसाला विचारत होते, "साखर किती?"

मग मी बॅग भरली.

ठकू

◆

२ मार्च

ठकू,

तुझं पत्र वाचलं. माझ्या नवऱ्याच्या मिशीपर्यंत पोचलीस. ज्या ताटात जेवलीस त्याच ताटाला नावं ठेवतेस?

तुमच्या सरकारी दवाखान्यात माणसांची रांग असते, तुम्ही काहीही करा. इथे एखादीचा श्वास थांबला तर दगड आमच्या काचांवर येतील, तुझ्या नाही. मागे एकदा कुणीतरी ते औषध दिलं होतं. बाई अंगभर खाजवत सुटली, सासू म्हणाली हॉस्पिटलात खरूज लागली. आख्ख्या गल्लीत आमची अब्रू गेली. तेव्हापासून यांनी बंद केलं ते केलं. त्यात चुकलं काय?

आणि बायका सोसतात गं. बाईची जात सोशीक असते म्हणून तर जग चाललंय. माझ्या आईने पाच बाळंतपणं काढली, हूं की चूं केलं नाही. ती तुझी शिंपीण जाताना माझ्या पाया पडून गेली, मिठाई देऊन गेली. तिची काही तक्रार नाही, मग तू कोण मधली?

खरं सांगू? तू बाळंत झालेली नाहीस. तुला त्यातलं काय कळणार? दुखणं बाळाच्या तोंडाकडे बघितलं की विसरतं.

एक गोड बातमी आहे, ती तुला सांगायची नाही असं ठरवलं होतं. पण राहवत नाही. मी आजी होणार, आपल्या मनीला तिसरा महिना लागलाय. शाळेच्या नोकरीतून दीर्घ रजा घेऊन बाळंतपणाला इकडेच येणार आहे. हे म्हणतात, सगळं व्यवस्थित आहे, सुखरूप मोकळी होईल. तू तिची लाडकी मावशी, म्हणून कळवते. आमच्याबद्दल काय वाटतं ते तिच्या कानावर घालू नकोस.

ताई

◆

१२ मार्च

ताई,

मनीला माझे आशीर्वाद. तिच्या कानावर काहीही घालणार नाही.

बरोबर आहे, मी बाळंत झालेली नाही. भावोजीही झालेले नाहीत.

खाज सुटते हे आधीच सांगितलं असतं तर सासू घाबरली नसती. श्वासाची भीती खोटी नाही, म्हणून तर मोजायला माणूस लागतं. तुम्हाला औषधाची भीती नाही, त्या एका माणसाची अडचण आहे. आणि ती बाई पाया पडली म्हणतेस. पोट शिवलेल्या बाईला तू वाकू दिलंस?

ठकू

◆

२४ ऑगस्ट

प्रिय ठकू,

किती महिने झाले गं! तुझ्या त्या चिठ्ठीवर मी काही लिहिलं नाही, रागच तसा आला होता. पण नात्याला का कधी गाठ मारून ठेवता येते? सुटतं, पुन्हा बांधतो.

मनी इथे येऊन पंधरवडा झाला. पोट मोठं गोड दिसतंय. पण बाळ पायाळू आहे. डोकं वर, पाय खाली. वळायचं नाव नाही. हे म्हणतात, वाट बघण्यात अर्थ नाही, सिझर करून घेऊ. तारीख सतरा सप्टेंबर धरलीय.

ठकू, तू ये. आमच्या भूलतज्ज्ञांचा हात बरा आहे आता, ते रोज येतात. पण मनीच्या पाठीत सुई तुझ्या हाताने जाऊ दे. आणि तू लिहिलं होतंस ना, ते थेंबभर औषध, तेही घाल. कपाटात ताजं मागवून ठेवलंय. श्वास मोजायला एक वेगळी सिस्टर सांगितलीय, ती चोवीस तास मनीच्या खोलीत बसेल.

तुला वाटेल मीच लिहिते, पण तसं नाही. काल जेवताना हेच म्हणाले, "ठकूला बोलाव. मनीला दुखता कामा नये." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं गं. तू त्यांना दगड समजतेस, पण बाप आहेत ते शेवटी. मनी लहानपणापासून नाजूक. लसीकरणाच्या सुईनेसुद्धा ताप यायचा तिला. तिला नाही सोसायचं.

येशील ना? तुला आवडतो तसा आल्याचा चहा करीन.

तुझीच ताई

◆

२९ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र वाचून खिडकीशी जाऊन उभी राहिले. "मनीला दुखता कामा नये." हे वाक्य त्या माणसाला पाठ आहे तर. इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं, कुलपात?

मी येते. मनीचा यात काही दोष नाही आणि तिच्या पोटावर मला सूड उगवायचा नाही. पण माझी अट आहे. त्या दिवशी तुमच्याकडे जितक्या बायकांचं सिझर असेल, त्या सगळ्यांना मी हे औषध देणार. मनीचा श्वास मोजणारी सिस्टर त्यांचाही मोजेल. आणि मी गेल्यावरही हे चालू राहील. तुमच्या भूलतज्ज्ञांना कसं द्यायचं ते ठाऊक आहे, त्यांना फक्त "हो" म्हणणारं कुणी हवंय.

कबूल असेल तर कळव. नसेल तर मनीला घेऊन इकडे ये, मी इथे तिचं सगळं करीन.

चहा नको.

ठकू

◆

३ सप्टेंबर

ठकू,

कबूल, कबूल, कबूल. हे थोडे कुरकुरले, पण मान हलवली. सगळ्यांना दे. पुढेही चालू ठेवू. आता तरी झालं समाधान? सोळाला संध्याकाळी ये, मनी वाट बघतेय.

ताई

◆

२६ सप्टेंबर

मावशी,

पत्र बघून दचकू नकोस, मी आणि बाळ दोघं बरी आहोत. आणि आईबाबांकडे नाही, आमच्या घरी आहोत. फोनवर सांगायला गेले तर रडू येतं आणि अर्धं राहतं, म्हणून लिहिते.

तुझं औषध! मावशी, नाक इतकं खाजलं की बाळाच्या पहिल्या सगळ्या फोटोंत माझं बोट नाकावर आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून चालले. ऑपरेशनच्या दिवशी माझ्याबरोबर ज्या दोघींना तू दिलंस, त्याही चालल्या. त्यातली एक बस कंडक्टर आहे. ती तिचं बाळ घेऊन माझ्या खोलीच्या दारात आली आणि म्हणाली, "पुढे सरका, पुढे सरका, जागा करा." आम्ही पोट धरून हसलो. हसता येत होतं.

आम्ही चाललो त्याच दिवशी दुपारी तू गेलीस. त्याच्या दुसऱ्या दिवशी मला वॉर्डाच्या बाजूने आवाज आला. आधी वाटलं मांजर आहे. मग कळलं, बाई आहे. थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. आई माझ्यापाशी बसून सफरचंद चिरत होती. मी विचारलं, "आई, हिला मावशीचं औषध नाही दिलं?"

आई म्हणाली, "अगं, तिला सवय आहे. तिसरं आहे तिचं."

"पण तू तर म्हणालीस सगळ्यांना देणार."

"ते त्या दिवसापुरतं. मावशीची अट तेवढीच होती. खा तू."

तिने फोड माझ्या ओठांशी धरली. मावशी, ती फोड मला तोंडात घेता येईना. आईची बोटं, ज्या बोटांनी तिने मला भरवलंय, ती मला नको झाली. आणि श्वास मोजायची सिस्टर कुठे होती माहितीये? माझ्याच खोलीत. माझा श्वास मोजायची गरज कधीच संपली होती. ती बसून बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती.

मी भिंत धरून वॉर्डात गेले. ती बाई माझ्यापेक्षा लहान होती. तिसरं असूनही. घामाने केस कपाळाला चिकटलेले. मला बघून पदर सावरायला लागली, म्हणाली, "ताई, आवाजाने तुमची झोप मोडली का?" माझी माफी मागत होती ती.

बाबा राउंडला आले तेव्हा तिथेच विचारलं. सगळ्यांसमोर. ते म्हणाले, "तू माझी मुलगी आहेस." जणू ते उत्तर होतं. मी म्हटलं, "आणि ही?" तर माझ्या खांद्यावर हात ठेवून सिस्टरला म्हणाले, "हिला खोलीत न्या, बाळंतपणात असं होतं." तिला इंजेक्शन द्यायला लावूनच मी तिथून हलले. त्या हाताचा स्पर्श अजून खांद्यावरून जात नाही. दोनदा आंघोळ केली.

संध्याकाळी नवऱ्याला बोलावलं आणि निघून आले. आई सगळ्यांना सांगते की मला बाळंतपणाचा वात झालाय.

मला दोन गोष्टी सांग. तुझी अट खरंच एका दिवसाची होती का? आणि त्या घरात तू तितके दिवस जेवलीस कशी? मी तर आयुष्यभर जेवले.

तुझी मनी

◆

२ ऑक्टोबर

मने,

अट एका दिवसाची नव्हती. ती पुढेही चालू ठेवायची होती आणि तुझ्या आईने ती तीनदा कबूल म्हणून लिहिली होती.

तू जेवलीस यात तुझं काही चुकलं नाही. लेकरू ताटात काय येतं ते खातं. आता कळलंय, तर आता काय करायचं ते बघ. आधी टाके भरू दे.

तुझ्या वडिलांना मी पुन्हा सांगून उपयोग नाही. माझं बोलणं त्यांना डास गुणगुणल्यासारखं वाटतं. तुमच्या भूलतज्ज्ञांना फोन केला, ते म्हणाले, "सर म्हणतील तसं." खरी अडचण वेगळीच आहे गं. असं काही औषध असतं हे त्या बायकांना माहीतच नाही. जे आहे हेच माहीत नाही, ते मागणार कसं? त्यांना वाटतं दुखणं पोटाबरोबरच मिळतं.

बाळाच्या टाळूला माझा पापा.

मावशी

◆

३० ऑक्टोबर

ठकू,

आता तुझं समाधान झालं असेल. आमच्या तोंडाला काळं फासायचं होतं ना, माझ्याच पोरीच्या हातून फासलंस. तिला काय लिहिलंस ते मला माहीत नाही, पण तूच लिहिलंस.

पंधरवड्यापूर्वी एका सोमवारी ओपीडी गच्च भरली होती. मला वाटलं मनीचा राग गेला, बाळाला आजोबांना दाखवायला आणलंय. मी दोन्ही हात पुढे केले. ती माझ्या बाजूने निघून गेली आणि हॉलच्या मधोमध उभी राहिली, शाळेत वर्गापुढे राहते तशी. बाळ खांद्यावर. म्हणाली, "बायांनो, मी या डॉक्टरांची मुलगी. माझं सिझर इथेच झालं. पाठीत जे इंजेक्शन देतात त्यात माझ्यासाठी दुखणं थांबवायचं औषध घातलं होतं. मी दुसऱ्या दिवशी चालले. नाक खाजतं, मळमळू शकतं, आणि श्वासावर लक्ष ठेवायला सिस्टर लागते. ते औषध इथेच कपाटात आहे. तुम्हाला चालेल की नाही ते डॉक्टर सांगतील, पण तुम्ही मागा. नाही म्हणाले तर विचारा, मुलीला कसं दिलं?"

हे आतून बाहेर आले, तोंड लाल. म्हणाले, "मने, आत ये, तुझी तब्येत बरी नाही." तेवढ्यात कोपऱ्यातून एक बाई उठली. कोण असेल? ती तुझी शिंपीण. पोराला लशीचा डोस द्यायला आली होती. म्हणाली, "डॉक्टर, मला का नाही दिलं?" ओरडली नाही, रडली नाही. वाट बघत उभी राहिली. यांची मान खाली गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना असं बघितलं आणि, तुला म्हणून सांगते, मला ते बघवेना. तसेच आत गेले आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून काउंटरवर एकच. "तुमच्या लेकीला दिलं ते आहे ना?" नवरे विचारतात, पोरींच्या आया विचारतात, फोन येतात. औषधाला काही नाव आहे की नाही? सगळ्या गल्लीला माझी लेकच ठाऊक. दोन बायका दुसऱ्या हॉस्पिटलात गेल्या तेव्हा यांनी मुकाट्याने मान हलवली. रात्रीला आणखी एक सिस्टर ठेवलीय. भूलतज्ज्ञ आता देतात. पण हे माझ्याशी बोलत नाहीत, चहा खाली मागवून घेतात. मनी फोन उचलत नाही. नातवाला मी अजून नीट मांडीवर घेतलेलं नाही.

काल एक आली. नववा महिना, घामाघूम, बरोबर कुणी नाही. कागद पुढे केले आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमच्या लेकीला दिलं ते मलाही द्याल ना?" मी म्हणणार होते, ते डॉक्टरांना विचारा. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिच्या मागे रांगेत होत्या त्याही बघत होत्या. "देऊ," म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? तिला बसायला खुर्ची दिली.

मला तुझं तोंड बघायचं नाही, हे पक्कं. पण मनी तुझं ऐकते. तिला एवढं कळव, की मी "देऊ" म्हटलं.

ताई